सोळा अँपिअर

तळघरात टोमॅटो लावायचेत, म्हणाली राग्नफ्रीड.
वय एकाहत्तर, हातात बियांचं पाकीट,
जणू सरकारी परवानाच.
इथे वार्डोत सूर्य नोव्हेंबर सरता सरता बुडतो
तो जानेवारी अर्धाअधिक उलटल्यावरच डोकं वर काढतो.
मधला दिवस विकत घ्यावा लागतो,
युनिटच्या भावाने.

मी बूट काढले. आधी फ्यूजपेटी, म्हटलं, मग बाकीचं.
कागद मागितला,
तिने सुक्या माशांच्या खोक्याचं झाकण फाडून दिलं.
पेन्सिल नीट उठत नव्हती,
वास मात्र आकड्यांना लागला.

दोनशे तीस व्होल्ट, सोळा अँपिअर:
तीन हजार सहाशे ऐंशी वॅट.
एवढे सगळे माझे?
नाही. तासन्‌तास चालायचं असेल
तर ऐंशी टक्क्यांपुढे मी जाऊ देत नाही.
तारेलाही दम लागतो, बाई,
फक्त ती धापा टाकत नाही,
भिंतीच्या आत गुपचूप तापते.

चार दिवे, दोनशे चाळीसचे: नऊशे साठ.
पंखा पंचेचाळीस.
ओल शोषणारं यंत्र साडेतीनशे,
कारण पानं पाणी सोडत राहतात
आणि तळघर काहीच विसरत नाही.
हीटर हजाराचा. पंप किरकोळ, वीस धर.
हातचा विसरलो, पुन्हा बेरीज केली:
दोन हजार तीनशे पंच्याहत्तर.

बसतंय की, म्हणाली.

बसलं असतं. पण त्याच तारेवर फ्रीझर आहे,
हिवाळाभराच्या कॉडने गच्च,
आणि कपडे धुण्याचं यंत्र,
पाणी तापवताना एकटंच दोन हजार खाणारं.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय,
पण या अंथरुणात आधीच दोघं झोपलेत.
नवी तार ओढायची तर पेटीपासून काँक्रीट फोडावं लागेल.

ती जिन्याकडे बघत राहिली.
वर एक आहे, म्हणाली. झोपायच्या खोलीत.
वेगळी.

मला आठवायला हवं होतं.
मीच घातली होती, तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये,
एइलर्टच्या ऑक्सिजन यंत्रासाठी.
स्वतंत्र तार, स्वतंत्र फ्यूज,
आणि वर माझ्याच अक्षरात, लाल पेनने:
इथे दुसरं काही लावू नये.
चिठ्ठी अजून चिकटलेली. कोपरा तेवढा सुटलाय.
ते यंत्र साडेतीनशे वॅट घ्यायचं.
साडेतीनशे, रात्रंदिवस, चौदा महिने.
पुठ्ठ्यावर तो आकडा आधीच होता.
तेव्हा गुणाकार केला होता बिलासाठी,
आज का केला, कुणास ठाऊक.

फ्यूज बसवला. टेस्टरचा दिवा लगेच लागला,
इतकी वर्षं तार नुसती तयारच होती.
पलंगाच्या पायाशी एक भोक पाडलं, सरळ खाली.
भुसा तिने झाडूशिवाय, हातानेच गोळा केला
आणि बराच वेळ टाकला नाही.

मग टायमर. दिवे रात्री दहाला लागतील,
दुपारी दोनला विझतील.
स्वयंपाक, धुणं, सगळं त्या मधल्या आठ तासांत उरकायचं,
महिन्यातला सगळ्यात हावरा तास बघून
वीज कंपनी आकार लावते.
म्हणजे झाडांची सकाळ रात्री दहाला?
हो.
मग मीही तेव्हाच उठेन, म्हणाली,
नाही म्हणायला बाहेर आहे कोण!

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तार गरम होते का बघायला.
हात लावला. गार.
खाली बोटभर रोपं, जांभळ्या उजेडात
जरा आजारीच दिसणारी, पण ताठ.
वर, माझ्या लाल ओळीखाली
तिने पेन्सिलने लिहिलं होतं:
टोमॅटो सोडून.

मजुरी घेत नाही म्हटल्यावर दोन कॉड दिले, दगडासारखे.
फ्रीझरवरचा भार तेवढाच कमी, म्हणाली.
तसा तो कमी होत नाही.
मी काही बोललो नाही,
मासे बगलेत धरले आणि अंधारात गाडी शोधत निघालो.