जुन्या मापाचा

खेळ घेतला बिनकुलपाचा.
पावती माझी, फाईल माझी,
कंपनीला विचारायचं काम नाही.
कोल्हापूर, उद्यमनगर, पोटमाळा, पावणेबारा:
लिनक्स म्हणतं, परवानगी नाही.

माझ्याच घरात, मलाच?
फाईलीला चालायचा हक्क दिला. एक ओळ.
उठली, दोन पावलं टाकली, पडली.
कुठलीशी लायब्ररी सापडत नाही म्हणे.
आहे की! चौसष्ट बिटांची, नवी कोरी.
तिला ती नको.

दस्तगीरमामा लेथ पुसून वर आले,
हाताला कटिंग ऑइलचा वास.
इंग्रजी येत नाही, तरी चष्मा कपाळावर सारून
तांबडी ओळ न्याहाळली.
"कवाचा खेळ?"
"सत्त्याण्णवचा."
"मग नवा बुश का ठोकतोस रं?
जुन्या मापाचा हुडक."

बत्तीस बिटांची टाकली.
पडदा काळा.
काळाच.
मामांनी माझा गार चहा पिऊन टाकला,
तेवढ्यात कोपऱ्यात एक होडी,
बोटाएवढी, हलणारी.

आवाज मात्र नाही. पाणी मुकं, वल्हं मुकं.
"आवाज उद्या," म्हणत मामा जिना उतरले.

खाली शटर धाडकन पडलं
आणि नेमकी तेव्हाच
होडी धक्क्याला लागली.