नखाला लागलेली रेघ

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
विमानाचं इंजिन उघडून ठेवलंय टेबलावर,
दोनदाणी शेंग सोलावी तसं.
आत मात्र एकच दाणा, तोही तिकोनी.
शाफ्ट तीनदा फिरतो तेव्हा हा एकदा,
आणि तिन्ही टोकांना पातळ पट्ट्या,
भिंतीला घासत, जागा न सोडता.

राजेशम येमूल पट्टी काढून मायक्रोमीटरमध्ये धरतात.
"झीज सांगून येते. इतकी गेली, इतकी उरली.
मागावरचा धोटा असाच झिजायचा, हाताला कळायचं."
त्यांचे कान त्या मागांनीच नेले.
मी आकडा मोठ्याने वाचते,
ते ओठांकडे बघून वहीत लिहितात.
भिंतीवर बारीक आडव्या लाटा उमटल्यात,
पट्टी थरथरली त्याच्या.
चालेल. भिंत बदलता येते.

मग शाफ्ट.
धुतला, वाळवला, लाल रंग लावून ठेवला वीस मिनिटं.
तेवढ्यात कडक भाकरीचा तुकडा, शेंगाचटणी, चहा.
रंग पुसून वर पांढरी भुकटी मारली,
आणि पांढऱ्यातून सावकाश वर आली
केसाएवढी लाल रेघ,
गोलाईच्या कोपऱ्यात,
जिथे कुणाच्या तरी हत्याराने घाईत
एक ओरखडा सोडला होता.

येमूलांनी डोळे मिटून नख फिरवलं.
"लागते. किती तास?"
"चारशे बारा."

फोनवर कॅप्टन बिराजदार:
होटगी रोडला विमान उभं आहे, मॅडम,
पन्नास तास तरी काढेल की.

येमूलांनी कपाटातून फडक्यात बांधलेला
एक जुना मोडका शाफ्ट काढला.
मोडलेल्या तोंडावर रेघांमागे रेघा.
"मे महिन्यात हिप्परग्याचं तळं बघितलंस?
पाणी मागे सरतं, काठावर एकेक रेघ ठेवत.
तसंच हे. रोज थोडं, कुणाला न सांगता.
आणि हा खडबडीत भाग आहे ना,
हा एका क्षणाचा."

"हा कुठल्या विमानाचा?" मी विचारलं.
त्यांना ऐकू गेलं नाही.
किंवा गेलं.

वहीत मी लिहिलं, नापास. खाली सही.
कॅप्टन अजून बोलतच होते.

संध्याकाळी येमूल ग्राइंडर घेऊन बसले,
त्या चारशे बारा तासांच्या शाफ्टला
मधोमध खोल खाच पाडत,
पुन्हा कुणी कुठे बसवू नये म्हणून.
ठिणग्या पार दारापर्यंत येत होत्या.
आवाज फक्त मलाच.