दिस हाय अजून

हुपरीहून पैंजणांची पेटी घेऊन निघालो होतो,
साडेअकरा किलो, पावतीसकट.
रेंदाळच्या पुढं गाडी आडवी आली.
त्यापुढचं सगळं पोलिसांच्या कागदात आहे, नीट भाषेत.

कागदात नाही ते हे:
गुऱ्हाळ बंद होतं. मे सरत आलेला.
काहिलीला धरून राहिलेला काकवीचा वास,
चिपाडांवर मी, हात खांबाला,
डोळ्यांवर कुणाचातरी ओला पंचा.

पहिल्या रात्री त्यानंच मारलं. पट्ट्यानं.
उजव्या कानात अजून एक गिरणी चालू असते,
दुसरं कुणी बोललं की जरा थांबते.

दुसऱ्या रात्री भाकरी आणली. म्हणाला, "खा."
मी म्हटलं, दिवस मावळला असेल, आम्ही नाही खात.
"हितं कुठं दिसतोय तुला सूर्य?"
खरंच होतं.
तरी उपाशी राहिलो. तोही बराच वेळ उठला नाही.

तिसऱ्या दिवशी धापा टाकत आला.
"पळत आलोय. दिस हाय अजून. खावा."

खा.
खावा.
एवढ्या एका काठीवर मी पुढचे सात दिवस काढले.
डावा हात सोडायचा चुकून, मग स्वतःशीच हसून उजवा.
पिठलं असायचं, कांद्याशिवाय.
कुठं शिकला, कुणाला विचारलं, माहीत नाही.
पाणी ओंजळीत ओतताना सांगायचा, "गाळल्यालं हाय."
त्याच्या चपलेचा करकर आवाज आला की
पोटाआधी डोळे भरायचे, पंच्याखाली,
आणि याची मला लाज वाटत नव्हती.
आता वाटते. कधी वाटते, कधी नाही.

पोलिसांनी दार फोडलं तेव्हा
माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो
"हळू, त्याला लागंल."
शीतल, माझा मुलगा, फौजदाराच्या मागं उभा होता.
त्यानं ते ऐकलं. अजून विषय काढत नाही.

राजारामपुरीतला डॉक्टर चांगला आहे, आवाज खाली ठेवतो.
म्हणाला, जीव वाचवायला मन असं करतं,
मारणाऱ्याच्याच कुशीत घर शोधतं,
त्याला एका परदेशी शहराचं नाव आहे.
मी विचारलं, रेंदाळचं देता येईल का?
तो हसला. सुलोचना हसली नाही.

चांदी आटवली की घट येते.
चाळीस वर्षं वहीत घट लिहिली मी,
ती जाते कुठं, असं कुणाला विचारलं नाही.

मग वकिलानं टॉवरचे कागद दाखवले.
कुठल्या दिवशी किती वाजता त्याचा फोन गुऱ्हाळापाशी.
आठ दहा. आठ पंचवीस. एकदा पावणेनऊ.
सूर्य सातलाच गेलेला.
रोज. सातही दिवस.

म्हणजे पळत आला असेल, पण उशिरा.
किंवा आलाच नसेल पळत, दाराबाहेर उभा राहून
धाप लागल्यासारखं केलं असेल.
नेम माझा मोडला, त्याच्या हातानं, माझ्या तोंडानं,
आणि मी प्रायश्चित्त घेतलेलं नाही.
सुलोचनेला सांगितलेलं नाही.
खोटं बोलला, हे एक.
मी जेवावं म्हणून बोलला, हे दुसरं.
की ऐवज जिवंत ठेवायचा म्हणून, हे तिसरं.
तिन्ही एका तागडीत घातली तर काटा हलतच राहतो.

कसबा बावड्याच्या कोर्टात शिपायानं हाळी दिली:
आदगोंडा भूपाल हाजिर है?
ओळखता का, विचारलं.
ओळखतो, म्हटलं, आणि बोट दाखवलं.
आवाज ऐकल्याशिवाय खात्री नव्हती, तरी दाखवलं.
नाव तिथंच कळलं. सर्जेराव. बारीक माणूस,
मानेवर उसाच्या पात्यानं कापल्याचे जुने वळ.

कोर्ट उठलं. उलटतपासणी लांबलेली, संध्याकाळ.
बेड्या घालून नेताना माझ्या बाकापाशी
क्षणभर अडला, वर न बघता बोलला,
"अण्णा, दिस हाय अजून. जेवून घ्या."

खिडकी माझ्या डाव्या हाताला होती.
मी तिच्याकडं पाहिलं नाही.
डबा उघडला.