आत वाजलं

विट्यात, बाजारपेठेमागं, झेरॉक्सच्या दुकानावर
माझी कानतपासणीची खोली.
दाराला आतून गोधडी ठोकलीय,
तरी गल्लीतले माग जिना चढून येतातच:
खटाक् खट, खटाक् खट.

धोंडिराम चोथे, वय अठ्ठावन्न,
एकतीस वर्षं चार मागांच्या मधोमध.
बायको सांगते, "ह्यांना म्हटलं सात वाजलं,
तर म्हणतात, आत वाजलं? कुठं आत?"

स गेलाय. श, थ, फ पण.
वाऱ्यावर बोलायची अक्षरं आधी जातात.
ढ आणि घ शाबूत.

कानात मऊ रबरी टोक बसवते.
"काही करू नका, नुसतं बसा."
मोठा आवाज सोडते.
पडद्यावरची रेघ जराशी थांबते
आणि खाली लवते.

तिथं, रिकिबीच्या आकाराचं
कणीएवढं हाड
एका स्नायूनं मागं खेचलं.
घोड्यावर कुणी नाही,
तरी लगाम आवळला.

फटाका फुटला तर ह्याला उशीरच होतो,
तोवर आवाज आत जाऊन बसलेला.
मागांच्या घरघरीला मात्र पुरा पडायचा,
सुरुवातीला.
मग दमायचा.
पाळी बारा तासांची होती.
मस्टरवर ह्याचं नाव नव्हतं,
दिवाळीला ह्याच्या हातावर कुणी पाकीट ठेवलं नाही.

"अजून कामावर आहे," मी ओरडून सांगते.
"कोण?"
"कानातला. तुमचाच."
ते कानाच्या पाळीला हात लावतात,
कुणाला तरी सोडायचं राहून गेल्यासारखा.

मग एक गंमत सांगते:
आपण बोलायला तोंड उघडतो ना,
त्याच्या किंचित आधीच हा आवळतो.
आपल्याच आवाजापासून आपल्याला राखतो.
बायको पदर तोंडाला लावून हसते.
"मग माझ्या कानातल्यानं काय करायचं?
हे घरात सुद्धा धोटा चालू असल्यागत बोलायचे.
मीठ वाढ म्हणायचे
तर शेजारीण मीठ घेऊन यायची."

हसता हसता लाईट जाते.
पंखा थांबतो, पडद्यावरची रेघ विझते,
खाली एकेक माग
धाप टाकत गप्प होतो.

विट्यात अशी शांतता क्वचित.
गोधडीमागं कुणाची तरी चप्पल ऐकू येते.

धोंडिराम मान तिरकी करून बसलेत.
"बंद झालं का सगळं?"
आम्ही दोघी माना हलवतो.

"माझं चालूच हाय," ते म्हणतात,
या वेळी
अगदी हळू.