दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

गोळीबार चौकात बाबांचं दुकान : रेडिओ, मिक्सर,
मे महिन्यात मात्र नुसत्या कूलरच्या मोटारी.
किलोवर आणलेल्या भंगारात एक रेकॉर्ड निघाली,
कव्हर भिजून वाळलेलं,
वर आखूड केसांची बाई, हसत नाही.

मी तेव्हा धरमपेठेत फ्रेंच शिकत होते,
पहिल्या परीक्षेत नापास, पण अडखळत वाचता यायचं.
वाच, बाबा म्हणाले, ओठांत स्क्रू धरून.

ग्राशी इरिबार्नेगारे. डोंगराकडची, बास्क.
बाप मेंढपाळ.
घरची भाषा शाळेत बोलली
की गळ्यात लाकडाचा तुकडा;
दुसरं कुणी बोलताना सापडेपर्यंत
तो उतरायचा नाही.
सतराव्या वर्षी पॅरिस. आधी भांडी घासणं,
मग कोरसमध्ये डावीकडून तिसरी,
मग एका हिवाळ्यात जिथं तिथं तिचाच आवाज.
कंपनीनं आडनाव छाटलं : ग्राशी बार.
पोस्टरवर मावत नव्हतं म्हणे.

पुढचं पाण्यानं नेलं.
लग्नं दोन झाली की घरं दोन होती,
शब्द लागला नाही.
तळाशी घशाचं ऑपरेशन,
आणि ही रेकॉर्ड त्याच्या नंतरची.

प्लेअरला पट्टा नव्हता.
बाबांनी सायकलची ट्यूब कापून बसवली.
बाई गायली. छानच, परीटघडीचं.
बाबा मोटारीचं वाइंडिंग करत होते,
तांब्याचे वेढे मोजत, पुटपुटत.
मग दुसरी बाजू. शेवटचं गाणं.
वाद्यं गप्प. उरला फाटका आवाज,
बिनइस्त्रीचा.

बाबांचा हात थांबला.
“ऐक. आता घरचं बोलून राह्यली ते.”

तुम्हाला काय कळतं हो त्यातलं, मी म्हटलं.
ते पुन्हा वेढ्यांकडे वळले.
आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला ऐकू आलं :
बाबा मराठीत मोजत नव्हते.
तांडापेठेत आजोबा मागावर बसून
ताण्याचे धागे मोजायचे, ती आमची हलबी,
जी मला कुणी शिकवली नाही,
शाळेत पोरी हसतील म्हणून.

कितवा वेढा, बाबा?

ते गडबडले. बोट तारेवर तसंच.
“चुकलो ना बाप्पा,” म्हणाले. “सुई मागं घे.”
मी सुई उचलून गाण्याच्या तोंडाशी ठेवली.
त्यांनी सगळी तार उलगडली
आणि एकपासून मोजायला घेतलं,
या खेपेला जरा मोठ्यानं.