डावी बाजू

वॉटरबरीच्या थिएटरात, शेवटच्या खेळाला,
सिनेमा संपला आणि मी उठले नाही.
माणसं उठली, खुर्च्या आपटत मिटल्या.
पुढच्या रांगेतली दोन पोरं तेवढी बसून राहिली,
शेवटी एक जादाचा प्रसंग असतो म्हणून.
मीही त्यासाठीच. माझा प्रसंग वेगळा.

नावं खालून वर चढू लागली:
घोड्यांना पाणी दाखवणारे, टोपांना फणी करणारे,
हिशेबनीस, त्यांचे मदतनीस, मदतनिसांचे ड्रायव्हर,
बुडापेस्टात धूर सोडणारे, व्हँकुव्हरात रांधणारे,
आणि केपच्या नुसत्या कडेवर राबलेले
एकोणीस जण. मी मोजले.
मग चित्रीकरणाच्या दिवसांत जन्मलेली बाळं.
त्यांचीही नावं, आडनावाशिवाय.
मला त्यांचा हेवा नाही, तेती.
जन्मणं हेही कामच.

तुझं नाव कंपनीनं एकाच जागी मागितलं,
चेकच्या पाठीवर.
तिथं जांभळा शिक्का असायचा, मुंगीएवढ्या अक्षरांत:
सही केलीत की चेहरा आमचा, मुखवटा आमचा,
पुढं याचं जे काही होईल तेही आमचं.
तू दर शुक्रवारी बँकेत उभ्याउभ्या सही करायचास
आणि राईचा पाव, खारवलेली हेरिंग घेऊन घरी यायचास
शीळ घालत.
पितळेच्या गिरणीत याहून जास्त मिळत होते.
पण गिरणीत, तू म्हणायचास, माणसाला उडता येत नाही.

आता त्या केपचं सांगते.
ती डावीकडून फाटकी का, याला सिनेमात
चांगली वीस मिनिटं दिली आहेत.
ज्वालामुखी आहे. भाऊ आहे. भाऊ पडतो,
त्याच्या मुठीत कापडाचा तुकडा राहतो.
शेजारची बाई हुंदके देत होती.
मीही रडले असते, पण मला ती रात्र माहीत आहे:
स्वयंपाकघरातलं टेबल, सकाळी सातच्या गाडीनं पानं जायची,
आणि पाच वर्षांची मी,
कोपरानं पेला लवंडला,
दूध थेट त्याच्या खांद्यावर.
आईनं हात उगारला, तू तो वरच्या वर धरलास.
टीपकागद दाबलास, फुगलेला कागद ब्लेडनं खरवडलास,
उरलेल्या कापडाला दोन दोरे लोंबते सोडलेस,
आणि मान तिरकी करून बघत राहिलास.
"आता हा कुठून तरी आलाय," म्हणालास.
"मघापर्यंत नुसता उभा होता."

नवव्या मिनिटाला आलं.
विशेष आभार, तीन रांगा, दोन श्वासांपुरते.
व्ही. ग्राबस्कस.
मधलं अक्षर गळालेलं.
फुग्यातला एक स्वल्पविराम वाकडा गेला
तर अख्खी ओळ पुन्हा लिहिणारा तू.
चिडायला सवडच मिळाली नाही,
नाव छतात शिरलंसुद्धा.
झाडूवाला मुलगा दाराशी ताटकळत होता.
त्याचंही नाव नव्हतं कुठं.

बाहेर पॉपकॉर्नच्या यंत्रापाशी
सहासात वर्षांचा एक पोरगा, घरी शिवलेली केप,
पडद्याच्या कापडाची असावी,
डावी बाजू कात्रीनं कापलेली,
दोन दोरे लोंबते. बरोब्बर दोन.
मला राहवलं नाही. वाकून म्हटलं,
"ते दूध सांडलं होतं. मीच सांडलं होतं."
त्यानं माझ्याकडं पाहिलं,
चुकीच्या वर्गात शिरलेल्या बाईंकडं पाहावं तसं,
आणि समजूत घालत म्हणाला,
"नाही, ज्वालामुखीत जळली. तुम्ही झोपला होतात का?"

"असेल," म्हटलं मी.
आणि त्याचा निसटू पाहणारा एक दोरा
गाठ मारून घट्ट केला.