काटा

साखळीच्या अलीकडे, खाणीच्या फाट्यावर
पत्र्याच्या केबिनमध्ये बसून मी ट्रक तोलते.
भरलेला. रिकामा. निव्वळ.
तीन रकाने, सहा वर्षं,
आणि फायलींवर, पंख्यावर, माझ्या पापण्यांवर
तीच तांबडी धूळ.

शाणू ड्रायव्हर खिडकीशी वाकून विचारतो,
"बाय, तूं काट्यार रावल्यार कितलें दाखयता?"
मी हसते.
पगारात तेवढं धरलेलं असतं.

डिचोलीला सोनोग्राफीवालीनं
पाणी पाजून पाजून बाकावर बसवलं,
मग पडद्याकडे बोट करून म्हणाली,
मोत्यांची माळ दिसते बघा, दोन्हीकडे.
आई बाहेर थांबली होती. काय निघालं गं?
मोती, म्हटलं.
ती हातातली बांगडी फिरवत राहिली
बस येईपर्यंत.

वैनी म्हणाली, भात सोड.
काकी म्हणाली, लग्न झालं की सगळं रांगेला लागतं.
जिमवाल्या पोरानं साडेतीन हजारांचा डबा दाखवला.
आणि रात्री फोनमधली एक सडपातळ बाई म्हणाली,
तीस दिवसांत दहा किलो.

चौदा दिवस काकडी आणि कोमट पाणी.
पंधराव्या दिवशी भरलेल्या ट्रकचं वजन
मी रिकाम्याच्या रकान्यात लिहिलं.
गावकरसाहेब ओरडले ते ऐकूही आलं नाही नीट.
संध्याकाळी तिठ्यावरच्या गाड्यावर उभी राहून
चार पाव, पातळभाजी, दोन मिरच्या, एक बन,
आणि वाटी पुसायला पाचवा पाव.
रडू आलं नाही. फक्त खूप झोप आली.

म्हापशाच्या डॉक्टर ब्रागांझांनी
मला आधी वजनकाट्यावर चढवलं नाही.
झोपता किती, विचारलं.
पाळी शेवटची कधी, विचारलं. एकाहत्तर दिवस.
मग चष्मा काढून,
आवडतं काय खायला?

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.
उकड्या तांदळाची पेज, मी म्हटलं,
आणि भाजलेला सुका बांगडा, वर खोबरेल.
लाज वाटली, जणू कुणाचं नाव घेतलं.
मग ते सोडू नका, त्या म्हणाल्या.
वाटी लहान करा, शेजारी अळसांदे येऊ देत, पालेभाजी येऊ दे.
चहातली साखर सोडा, ती तुम्हाला आवडतसुद्धा नाही.
उपाशी राहू नका. शरीर घाबरतं, आणि साठवतं.
चार-पाच किलो उतरले तरी पुष्कळ.
गोळी लिहून दिली. ती घेतल्यावर पहिला आठवडा
मी बहुतेक संडासातच काढला, हेही लिहायला हवं.

आता सकाळी इनास पोदेर भोंगा वाजवतो,
मी कोंड्याची पोय मागते. एक.
एकच? म्हणतो, घरात कोणी आजारी आहे?
डब्यात मूग असतात. ड्रॉवरमध्ये, स्टेपलरशेजारी,
हनुवटीसाठी चिमटा.
रात्री जेवून वाळवंटीच्या काठानं पुलापर्यंत,
सगुणाचं लंगडं कुत्रं सोबत.
कधी जाते. कधी नाही जात.
चवथीला मी नेवऱ्या खाल्ल्या. मोजल्या नाहीत.

तीन महिन्यांत दोन किलो.
वैनी म्हणाली, काहीच फरक नाही गं.

बुधवारी, अकराव्या ट्रकला,
कंबरेत ती ओळखीची ओढ आली.
पेन तसंच ठेवून मी मागच्या खोलीत गेले.
परत आले तेव्हा तीन ट्रक रांगेत, भोंग्यावर भोंगे.
पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर
लाल पेन्सिलीनं तारीख लिहिली. बाकी काही नाही.

सुटल्यावर, मोठ्या काट्यावर कोणी नव्हतं.
साठ टनांच्या त्या लोखंडावर
चप्पल काढून उभी राहिले.
हा काटा दहाच्या पटीतच बोलतो.
सत्तर म्हणाला. मग ऐंशी. परत सत्तर.
लाल आकडे थरथरत राहिले,
त्याला माझं ठरवता येईना.

मागून शाणूचा हॉर्न.
"बाय, रिती काय भरिल्ली?"

पावती उद्या, म्हटलं,
आणि चप्पल शोधू लागले.